मधुचंद्राला युरोपात कुठे जावे?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी हा विषय सुचवला तेव्हा मला प्रथम हसूच आले. अडुसष्टाव्या वर्षी मधुचंद्रावर बोलावयास उभी राहिलेली बाई आपल्या मंडळात याआधी झाली नसावी. पण त्या म्हणाल्या, "अहो, यंदा आपल्यापैकी सात जणींच्या घरी कार्य आहे आणि सातही घरी युरोपचे नाव निघाले आहे. तुम्ही तीस वर्षे प्रवासाच्या कचेरीत काढलीत. आम्हांला चार गोष्टी सांगा म्हणजे झाले." तेव्हा चार गोष्टी सांगते. त्यांतली एक माझ्या चुकीची आहे. ती सांगितल्यावाचून बाकीच्यांना अर्थ नाही.

आमचे लग्न १९७९ सालचे. लग्नानंतर आधी जेजुरीला गेलो. तिथली रीत तुम्हांला ठाऊक आहेच. नवऱ्या मुलाने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या. आमच्या ह्यांनी चार चढल्या, पाचवीला तोल गेला, आणि मागून दिराने सावरले म्हणून मी आज तुमच्यापुढे उभी आहे. त्यानंतर महाबळेश्वरला तीन दिवस मधुचंद्र. सोबत सासूबाई आणि दोन नणंदा, कारण एवढी गाडी केलीच आहे तर त्यांनाही हवापालट होईल असे ठरले! सूर्यास्त आम्ही पाच जणांनी मिळून पाहिला. ह्यांना माझ्याशी काही बोलायचे असले तर ते सासूबाईंकडे पाहून बोलत. मला चहात साखर कमी लागते हे ह्यांना कळायला पुढे दोन वर्षे गेली.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मजा वाटते म्हणून सांगते. परंतु याच आठवणीपायी माझ्या हातून पुढे एक चूक झाली.

माझ्या लेकीचे लग्न २००९ साली ठरले. मुलगा चांगला, घर चांगले. दोघांची ओळख जेमतेम तीन आठवड्यांची. मी मनाशी म्हटले, मला जे मिळाले नाही ते हिला भरभरून द्यायचे. कचेरीत बसून मीच त्यांची सहल निवडली. अकरा दिवस: पॅरिस, ॲम्स्टरडॅम, ऱ्हाईन नदी, स्वित्झर्लंड, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. चव्वेचाळीस माणसांची बस, दोन्ही वेळ आपले जेवण. जावयांना मी विचारले नाही आणि लेकीलाही विचारले नाही. तिकिटे हातात ठेवली आणि दोघे पाया पडली, तेव्हा मला केवढी धन्यता वाटली म्हणून सांगू!

फोटो सुरेख आले. प्रत्येक फोटोत दोघे हसताहेत. खरी हकीकत मला सात वर्षांनी कळली, तीही भाजी निवडता निवडता. "आई, रोज पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असत," ती म्हणाली. "डोंगरातली वळणे लागली की मला मळमळायचे. ह्यांना सांगायची लाज वाटे. नवी ओळख, त्यात उलटीचे काय सांगायचे? हे पुढच्या बाकावर कॅमेरा घेऊन बसत. ऑस्ट्रियात एकदा बस थांबवावी लागली, तेव्हा गटातल्या एका नाशिकच्या काकूंनी माझे डोके धरले. ह्यांना वाटले मी रागावले आहे. मला वाटले ह्यांना काही देणेघेणे नाही. तसेच रोमपर्यंत गेलो, आणि घरी आल्यावरही बरेच दिवस तसेच होतो."

बायांनो, महाबळेश्वरला सासूबाई मध्ये होत्या. इथे मी मध्ये होते, आणि मी तर मुंबईत बसून होते.

आता असे समजू नका की मोठ्या गटाबरोबरची सहल वाईट असते. आपल्यासारख्यांना, गुडघे धरलेल्यांना, भाषा न येणाऱ्यांना ती वरदान आहे. मी स्वतः अशा सहलींना शेकडो माणसे पाठवली आणि ती आनंदाने परत आली. पण ज्यांना एकमेकांची ओळख व्हायची आहे त्यांना अकरा दिवसांत सहा देश दाखवू नयेत, असे मला आता वाटते. दोन मुक्काम, फार तर तीन.

बरे, मुक्काम कुठे? इथे पहिला प्रश्न हौसेचा नसून महिन्याचा असतो, आणि महिना आपल्या हाती नसतो. तो गुरुजींच्या हाती असतो. आपले मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. म्हणजे कित्येक जोडपी डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्या वेळी पॅरिसला संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि ग्रीक बेटांवरची पुष्कळ हॉटेले थेट वसंतापर्यंत कुलूपबंद असतात. निळ्या घुमटांचे चित्र पाहून हिवाळ्यात तिथे जाणाऱ्याला बंद दारे आणि वारा भेटतो.

हिवाळ्यातल्या जोडप्याला मी पोर्तुगालचे नाव सुचवीत असे. युरोपच्या मानाने थंडी सौम्य. पाऊस मात्र येतो, छत्री हवी. लिस्बन शहर चढउतारांचे आहे, भिंतींवर निळ्यापांढऱ्या फरशा, चिंचोळ्या गल्ल्यांतून जाणारी जुनी ट्राम. आपल्या माणसाला तिथे एक निराळाच आनंद होतो. दुकानात पाव मागावा, बटाटा म्हणावा, चावी, साबण, काजू म्हणावे, आणि पलीकडच्याला बहुतेक समजावे! गोव्याच्या वाटेने हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि आपण ते कुणाचे हे विसरूनही गेलो. लिस्बनच्या उत्तरेस ओबिदुश नावाचे तटबंदीचे गाव आहे. १२८२ साली दिनिश राजाने ते आपल्या राणीला, इझाबेलला, लग्नाची भेट म्हणून दिले, आणि पुढे कित्येक शतके ते राण्यांच्याच मालकीचे राहिले. आपल्याकडे पैठणी देतात, तिथे गाव दिले. तटावरून चालता येते, पण कठडा नाही, तेव्हा उंच टाचांची पादत्राणे खोलीवर ठेवावीत. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे: तिथले हिरव्या पाल्याचे प्रसिद्ध सूप दिसायला निरुपद्रवी असते, पण त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती तरंगते. विचारून घ्यावे.

पॅरिसबद्दल मी थोडेच बोलते, कारण पॅरिसची शिफारस करायला माझी गरज नाही. तिथल्या एका पादचारी पुलाच्या कठड्याला जोडपी प्रेमाची कुलपे लावीत आणि किल्ल्या नदीत टाकीत. २०१४ साली त्या भाराने कठड्याचा एक भाग कोसळला आणि २०१५ साली नगरपालिकेने सगळी कुलपे काढली; वजन पंचेचाळीस टनांच्या घरात भरले. तेव्हा कुलूप नेऊ नका. रात्री आयफेल मनोरा तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे लुकलुकतो, तो नदीकाठी बसून पाहावा. फुकट असतो.

व्हेनिस मात्र लोक हमखास चुकीच्या रीतीने पाहतात. सकाळी बसने किंवा आगगाडीने यायचे, गर्दीत धक्के खायचे, गोंडोलात बसून फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत. गोंडोलाचा सरकारी दर २०२३च्या अखेरीस दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो झाला आहे. २०२४ पासून तर काही ठराविक दिवशी अशा एका दिवसाच्या पाहुण्यांकडून शहर प्रवेशशुल्कही घेते. रात्री मुक्कामाला राहणाऱ्यांना ते माफ असते, फक्त आधी नोंद करावी लागते. खरे व्हेनिस रात्री नऊनंतर आणि सकाळी आठच्या आत असते. मोटारीचा आवाज नाही, पायांखालच्या दगडांचा आणि पाण्याचा तेवढा आवाज. मी २०१२ साली कचेरीच्या कामाने गेले होते तेव्हा पहाटे एकटीच चालले. भाजीची होडी काठाला लागली होती आणि एक आजीबाई खिडकीतून टोपली खाली सोडून काही मागत होत्या. आपल्या चाळीची आठवण झाली. तेव्हा दोन रात्री तिथे राहता येणार असेल तर व्हेनिस घ्यावे, नाही तर सोडावे. मोठा कालवा ओलांडायला साधी होडी असते, तिचे भाडे अगदी किरकोळ; गोंडोलाची हौस तिच्यावरही भागते. आणि सामान हलके! प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. लग्नातली मोठी बॅग उचलून चार पूल ओलांडले की नवऱ्या मुलाचा चेहरा पाहावा.

जवळच व्हेरोना आहे. ज्युलिएटचा सज्जा पाहायला जोडपी रांग लावतात. घर जुने आहे, पण सज्जा विसाव्या शतकात बसवलेला आहे. हे मी एका मुलीला सांगितले तेव्हा ती हिरमुसली. म्हणून पुढे मी कुणाला सांगितले नाही. आज तुम्हांला सांगते आहे.

स्वित्झर्लंडविषयी आपल्याकडे सिनेमांनी एवढे करून ठेवले आहे की इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळासुद्धा उभारला आहे. सगळ्यांना युंगफ्राऊच्या बर्फावर जायचे असते. ते स्थानक ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. तिथे हवा विरळ असते, डोके जड होते आणि तिकीट तर फारच महाग. ढग आले तर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. खालच्या स्थानकावर वरचे दृश्य पडद्यावर दाखवतात. ते पाहूनच तिकीट काढावे. पण मला विचाराल तर तिथे वर जाण्यापेक्षा खालच्या वेंगेन किंवा म्यूरेन या गावी राहावे. दोन्ही गावांना मोटारी जात नाहीत. आपल्या माथेरानसारखेच समजा, फक्त घोड्यांची लीद नाही. वेंगेनला दात्यांच्या रुळांवरची गाडी नेते, खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत कड्यांवरून धबधबे कोसळताना दिसतात. हॉटेलात दुहेरी पलंग मागितला तरी दोन गाद्या शेजारी जोडून आणि दोन निरनिराळी पांघरुणे घालून देतात, ही तिकडची रीतच आहे. एका नव्या नवरीने रात्री अकराला मला मुंबईला फोन करून विचारले होते की, हॉटेलवाल्यांना आमचे लग्न झाल्याचे कळले नाही की काय!

आता माझ्या भाचीची गोष्ट.

तिचे लग्न एप्रिल २०२५ मध्ये व्हायचे होते. मुलगा बंगळूरला नोकरीला. त्याच्या सगळ्या मित्रांनी सांतोरिनीला मधुचंद्र केलेला, तेव्हा यांनीही सांतोरिनीच ठरवले होते. ते बेट म्हणजे एका फुटलेल्या ज्वालामुखीची कड आहे; कड्यावर पांढरी घरे आणि खाली खोल समुद्र. फेब्रुवारीत तिथे भूकंपाचे धक्के सुरू झाले, दिवसाला शेकडो, आणि दहा हजारांहून अधिक माणसे बेट सोडून गेली. पुढे सारे शांत झाले. पण भाचीच्या सासूबाईंनी वर्तमानपत्र वाचून हट्ट धरला, आणि दोघे एका रविवारी माझ्याकडे आली. "मावशी, दुसरे काहीतरी सांगा. बेटच हवे असे नाही, पण सुंदर हवे." मी सवयीने नक्षोस म्हणणार होते. तेही बेट सुरेख आहे, समुद्राशी अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा एकटा उभा आहे. मग आठवले, पुराणकथेप्रमाणे थिसियसने आरियाद्नीला झोपेत सोडून पळ काढला तो याच बेटावरून. जीभ आवरली.

माझी लेक त्या दिवशी माझ्याकडे आलेली होती. ती स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, "आई, तू सांगू नकोस."

मी गप्प झाले. मग दोन कोरे कागद आणले, एकाला पुढच्या खोलीत बसवले, एकीला गॅलरीत, आणि सांगितले, गावाचे नाव लिहायचे नाही. काय हवे आणि काय नको तेवढे लिहा. परीक्षेसारखे. दोघे लाजली, पण लिहिले. भाचीने लिहिले: रोज बॅग बांधायची नाही. सकाळी कुणी उठवायचे नाही. एकदा तरी स्वतः होडी वल्हवायची. मुलाने लिहिले: डोंगर चालेल, झाडी चालेल. झोप हवी. आणि खाली अगदी बारीक अक्षरात: मला पोहता येत नाही, खोल समुद्राची भीती वाटते.

भाचीने तो कागद वाचला आणि त्याच्याकडे पाहतच राहिली. "मग सांतोरिनीला आपण दिवसभर बोटीत जाणार होतो ना?" तो म्हणाला, "तुला हौस होती, म्हटले डोळे मिटून बसेन."

पुढचे मी केले ते नकाशा उघडण्याचे काम. स्लोव्हेनियात आल्प्सच्या पायथ्याशी ब्लेड नावाचे तळे आहे. नावावर जाऊ नका, दाढीच्या पात्याशी त्याचा संबंध नाही. तळे लहान, भोवती रमतगमत दोन तासांत फेरी होते. एका बाजूस उंच कड्यावर किल्ला, मधोमध एक बेट आणि त्यावर चर्च. बेटावर रुंद, छत असलेल्या होड्या जातात, नावाडी उभा राहून वल्हवतो. लहान होड्या भाड्याने मिळतात त्या आपण वल्हवाव्यात. चर्चमध्ये इच्छेची घंटा आहे. तिची कथा अशी सांगतात की, किल्ल्यातल्या एका तरुण विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी घंटा ओतवली, ती बेटावर नेताना वादळात होडीसकट बुडाली. बाई रोमला जाऊन जोगीण झाली, आणि ती गेल्यावर पोपने दुसरी घंटा पाठवली. मधुचंद्राच्या ठिकाणी विधवेची कथा कशाला, असे कुणाच्या मनात येईल. मला ती आवडते. आणि धक्क्यापासून चर्चपर्यंत ९९ दगडी पायऱ्या आहेत. तिथे लग्न करणाऱ्या नवऱ्या मुलाने नवरीला उचलून त्या साऱ्या चढायच्या, आणि तोपर्यंत नवरीने अवाक्षर काढायचे नाही, अशी त्यांची रीत!

मी हे वाचून दाखवले तेव्हा माझी लेक हसत बाहेर आली. "म्हणजे जेजुरीच की!"

ब्लेडला सहा रात्री आणि राजधानी ल्युब्लियानात दोन, असे त्या दोघांनी ठरवले. मुंबईहून थेट विमान नाही, वाटेत एकदा बदलावे लागते. मे महिना म्हणजे उजेड रात्री आठपर्यंत, पाऊस केव्हाही.

कागदपत्रांची एक गोष्ट सांगते, कारण तिच्यात पुष्कळ मुली फसतात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीट आणि व्हिसा त्याच नावाने काढावा. सासरचे नाव लावण्याची घाई परत आल्यावर करावी, करायचीच असली तर. माझ्या कचेरीत एका सासऱ्यांनी हौसेने सुनेचे तिकीट नव्या नावाने काढायला लावले होते. ऐनवेळी ते रद्द करावे लागले आणि पैसे बुडाले. शेंगेन व्हिसा २९ देशांना चालतो, इंग्लंड त्यात नाही. ज्या देशात रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटच्या पंधरा दिवसांत करता येत नाही. जून २०२४ पासून फी ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. आजारपणाचा विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. लग्नाची खरेदी सुरू करण्याआधी हे करा. शालू महिन्याभरात मिळतो, व्हिसाच्या भेटीची तारीख मिळेलच असे नाही.

भाचीचा तिकडून फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न पायऱ्यांचाच विचारला. "पाच, मावशी! पाचव्या पायरीवर मला खाली ठेवून म्हणाला, आमच्याकडे एवढ्याच असतात." मी म्हटले, "आणि तू गप्प राहिलीस?" म्हणाली, "पाच पायऱ्यांपर्यंत राहिले. उरलेल्या चौऱ्याण्णव बोलत बोलत चढलो." होडीही तिने वल्हवली, काठाकाठाने. तो जाकीट घालून दोन्ही हातांनी कड धरून बसला होता. तसा फोटो आहे, आणि त्यात तो मुळीच हसत नाही. साय आणि कस्टर्डची तिथली प्रसिद्ध वडी रोज एक खाल्ली म्हणे. तीत अंडे असते, हे तिच्या आजेसासूबाईंना अजून सांगितलेले नाही. या सभेत त्या नाहीत असे धरून चालते.

त्यानंतर महिन्याभराने माझ्या लेकीने माझ्या टेबलावरून दोन कोरे कागद नेले. सोळा वर्षांनी ती आणि जावई दोघेच कुठेतरी जाणार आहेत. कुठे ते मला सांगितलेले नाही, आणि मी विचारलेलेही नाही. हे मला किती जड जाते आहे ते तुम्ही जाणताच.

तर यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर माझ्याकडे यावे. नकाशा आहे, जुनी वेळापत्रके आहेत, चहाही मिळेल. मात्र मुलगा आणि मुलगी दोघांना बरोबर आणावे. विहीणबाई एकट्याच आल्या तर फक्त चहा मिळेल.